ऑशकॉशचा विमानमेळावा: प्रेक्षक म्हणून जाण्यात अर्धीच मजा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकॉश या गावी, दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात भरणाऱ्या एअरव्हेंचर या विमानमेळाव्याविषयी लिहिणारे बहुतेक जण दुपारच्या हवाई कसरती, दुसऱ्या महायुद्धातील विमाने आणि बुधवार व शनिवारचा रात्रीचा कार्यक्रम यांच्यापुढे जात नाहीत. तो भाग उत्तमच असतो, परंतु तिकीट काढून आणि घडीची खुर्ची टाकून तो कोणालाही पाहता येतो, त्यामुळे त्यावर मी वेळ घालवणार नाही. मी या मेळाव्याला आधी स्वयंसेवक म्हणून जात असे आणि पुढे आमच्या फ्लाइंग क्लबचे सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन उतरू लागले. या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की येथे विमान उतरवणे आणि दुसऱ्याचे उतरलेले विमान जागेवर लावून देणे, या दोन गोष्टींमध्ये या मेळाव्याचा खरा दर्जा दिसतो. बाकीचे सारे त्याभोवती वाढत गेलेले आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या दोन गोष्टींचे आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. घरी, गॅरेजमध्ये, स्वतःच्या हाताने विमाने बांधणाऱ्या हौशी मंडळींना एकत्र आणण्यासाठी पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी तिचा पहिला छोटा मेळावा भरला. जागा अपुरी पडू लागल्यावर १९५९ मध्ये तो इलिनॉयमधील रॉकफर्डला गेला आणि १९७० पासून ऑशकॉशला स्थिरावला. ज्यांचे नाव येथील विमानतळाला दिले आहे, ते स्टीव्ह विटमन स्वतः शर्यतीची विमाने बांधून उडवणारे होते आणि दीर्घकाळ याच विमानतळाचे व्यवस्थापक होते. ‘एअरव्हेंचर’ हे नाव १९९८ सालचे. जुने लोक मात्र आजही नुसते ‘ऑशकॉश’ म्हणतात. २०२३ मध्ये येथे सुमारे ६ लाख ७७ हजार आणि २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ८६ हजार लोक येऊन गेले. दरवर्षी दहा हजारांच्या वर विमाने या विमानतळावर आणि आसपासच्या विमानतळांवर उतरतात. हे सारे सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या पाच हजारांहून अधिक असते आणि त्यांपैकी कोणालाही पगार नसतो.

आता उतरण्याविषयी. एरवी विटमन विमानतळ तसा निवांतच असतो, पण मेळाव्याच्या आठवड्यात त्याचा नियंत्रण मनोरा जगातील सर्वांत गजबजलेला मनोरा ठरतो. २०२३ मध्ये मेळाव्याच्या आगेमागे धरून अकरा दिवसांत २१ हजारांहून अधिक वेळा येथे विमाने उतरली किंवा उडाली, आणि विमानतळ खुला असताना तासाला सरासरी १४८ असा त्याचा हिशेब लागला. एवढ्या विमानांनी एकेक करून रेडिओवर आपले नाव, ठिकाण आणि उंची सांगायची ठरवली तर पहिल्या दहा मिनिटांतच सगळे कोलमडेल. म्हणून एफएए ही तिथली सरकारी विमान वाहतूक यंत्रणा या एका मेळाव्यासाठी दरवर्षी स्वतंत्र सूचनापुस्तिका काढते, आणि त्या पुस्तिकेचा गाभा असा की वैमानिकाने बोलायचे नाही, फक्त ऐकायचे.

पद्धत ऐकायला सोपी आहे. नैऋत्येकडील रिपन या गावावर यावे, तेथून फिस्क या वस्तीकडे जाणारे रेल्वेचे रूळ पकडावेत आणि त्यांच्या नेमके वर राहावे. उंची समुद्रसपाटीपासून १,८०० फूट, म्हणजे जमिनीपासून जेमतेम हजार फूट. वेग ९० नॉट, म्हणजे ताशी ९० सागरी मैल. पुढच्या विमानापासून अंतर अर्धा मैल. आणि सगळे एकामागे एक. ज्यांना इतक्या सावकाश उडता येत नाही अशा वेगवान विमानांसाठी २,३०० फुटांवर १३५ नॉटची दुसरी, वरची रांग असते. पुढच्याला ओलांडायचे नाही, वेग मारण्यासाठी नागमोडी जायचे नाही, आणि अंतर फारच कमी झाले तर गुपचूप बाजूला होऊन पुन्हा रिपनपासून सुरुवात करायची. पिकेट येथील धान्याची उंच कोठारे मागे पडली की फिस्क जवळ आल्याचे समजते. आपले पंढरीच्या वाटेवरचे दिंड्यांचे क्रम ज्यांनी पाहिले आहेत, रथापुढची कितवी आणि रथामागची कितवी हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शिस्तीचे नवल कमी आणि ओळख जास्त वाटेल.

फिस्क येथे जमिनीवर गुलाबी शर्ट घातलेले नियंत्रक दुर्बिणी घेऊन आभाळाकडे पाहत उभे असतात. येथे त्यांच्यासमोर रडारच्या पडद्यावरचा ठिपका नसतो, डोळ्यांना दिसणारे विमान असते. म्हणून ते नोंदणी क्रमांक विचारत नाहीत, रंग आणि पंखांची ठेवण सांगतात. “पांढरे-निळे हाय-विंग (म्हणजे वर पंख असलेले), पंख हलवा,” असे १२०.७ या वारंवारतेवर ऐकू आले की ते आपल्यालाच आहे हे ओळखून विमान डावीकडे-उजवीकडे ठसठशीत कलवायचे असते. हेच उत्तर. त्यावर “छान हलवलेत” अशी पावती मिळते आणि लगेच पुढची आज्ञा येते: कोणाला रुळांसोबतच पुढे जायला सांगतात, कोणाला फिस्क अॅव्हेन्यूच्या रस्त्यावरून सरळ पूर्वेला वळवतात, आणि त्याप्रमाणे धावपट्टी ठरते. पहिल्यांदा जाणाऱ्या वैमानिकाला या क्षणी काहीतरी बोलावेसे वाटते, निदान ‘रॉजर’ तरी, कारण प्रशिक्षणात त्याला प्रत्येक आज्ञा परत म्हणून दाखवायची सवय लावलेली असते. ती सवय येथे दातांखाली धरावी लागते.

धावपट्टीवर नारिंगी, हिरवे असे मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. मनोरा सांगतो, “हिरव्या ठिपक्यावर टेका,” आणि त्याच धावपट्टीवर आपल्या पुढे दुसऱ्या ठिपक्यावर कोणीतरी आधीच टेकलेले असते, तर मागे तिसरा वळण घेत असतो. दोन विमानांमधील नेहमीचे अंतर कमी करण्याची खास सवलत या आठवड्यापुरती दिलेली असते, म्हणूनच हे शक्य होते. वैमानिकाच्या अंगी मात्र त्यासाठी दोन गोष्टी असाव्या लागतात: सांगितलेल्या जागीच टेकणे, आणि कमी वेगात, कमी उंचीवर वळताना नाक वर न खेचणे. या मेळाव्याला येताना अपघात झालेले आहेत. त्यामुळे घरच्या विमानतळावर ठिपका ठरवून उतरण्याचा सराव केल्याशिवाय कोणीही इकडे फिरकू नये, असे मी स्पष्टपणे लिहीन. शक्य असेल तर दोन वैमानिकांनी यावे. एकाने विमान सांभाळावे, दुसऱ्याने डोळे बाहेर ठेवावेत आणि छापलेली पाने मांडीवर धरावीत. रविवारी, म्हणजे मेळावा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, गर्दी सर्वांत जास्त असते. त्याऐवजी शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळी लवकर आलेले बरे.

या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देते, कारण इतक्या धोक्याच्या कामात इतका सौम्य सूर मी अन्यत्र कोठेही ऐकलेला नाही. आवाज चढत नाही. एखाद्याचे चुकले तर “काही हरकत नाही, पुन्हा फेरी मारून या” एवढेच सांगितले जाते. आणि चाके जमिनीला लागली की “ऑशकॉशमध्ये स्वागत” हे शब्द येतात, जे हजारो जणांना त्याच दिवशी सांगितले गेलेले असतात हे माहीत असूनही खास आपल्यासाठी असल्यासारखे वाटतात.

चाके टेकल्यानंतर काही सेकंदांत “गवतात वळा” असा आदेश येतो, कारण धावपट्टी मागच्यासाठी मोकळी करायची असते. येथून पुढे नियंत्रकांचे राज्य संपते आणि स्वयंसेवकांचे सुरू होते. वैमानिकाने काचेत मोठ्या ठळक अक्षरांचा एक कागद धरायचा असतो. जी, ए, सी ही अक्षरे असतील तर विमानाशेजारी तंबू ठोकणारे पाहुणे. एच, बी, सी असतील तर घरी बांधलेले विमान आणि तंबू दोन्ही. नारिंगी जाकिटातील माणूस तो कागद दुरून वाचतो आणि हाताने दिशा दाखवतो. पुढच्या वळणावरचा दुसरा ती दिशा उचलतो. स्कूटरवरचा तिसरा पुढे होऊन वाट दाखवतो. रेडिओवर एक शब्दही न बोलता अनोळखी वैमानिक मैलभर गवतातून आपल्या ओळीत जाऊन उभा राहतो. मोठ्या विमानतळांवर महागड्या यंत्रणा लावूनही हे इतके सुबक होत नाही, हे कामानिमित्त विमानप्रवास करणाऱ्या कोणालाही पटेल.

मी अनेक वर्षे या साखळीतली एक कडी होते, म्हणून आतले थोडे सांगते. स्वयंसेवक होण्यासाठी वैमानिक असण्याची अट नाही. आधी नाव नोंदवता येते, आणि तिथे गेल्यावर स्वयंसेवक केंद्रात जाऊन काम मागितले तरी चालते. विमानांच्या ओळीत काम करायचे असेल तर आधी छोटे प्रशिक्षण होते, हातवारे शिकवले जातात, आणि मग एखाद्या जुन्या माणसाच्या शेजारी उभे करतात. पहिल्या तासात शिकवलेला एक नियम मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो: वैमानिकाचे डोळे तुम्हाला दिसत नसतील, तर तुम्ही त्याला दिसत नाही. हे नाकाखाली चाक असलेल्या विमानाला फारसे लागू पडत नाही, पण शेपटाखाली चाक असलेल्या जुन्या विमानाचे नाक जमिनीवर असताना आभाळाकडे असते आणि समोरचे काहीच दिसत नाही. पिवळे पायपर कब एकट्याने उडवायचे तर मागच्या आसनावरून उडवावे लागते. तेव्हा समोर पुढची रिकामी खुर्ची, तिच्यापुढे उपकरणांचा फलक आणि त्यापुढे इंजिन, एवढाच देखावा असतो. असा कब नागमोडी चालत येऊ लागला की आपण समोर उभे राहून हात हलवण्यात काही अर्थ नसतो. पंखाच्या टोकाच्या पलीकडे, थोडे बाजूला सरकून, उघड्या दारातून त्याची टोपी दिसेल अशा जागी उभे राहायचे, त्याने मान डोलावल्याचे पाहायचे आणि मगच पुढचा हात करायचा.

विमान ओळीच्या तोंडाशी आले की दोन्ही हातांची फुली करून थांबवायचे, गळ्यावरून हात फिरवून इंजिन बंद करायला सांगायचे, आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत एक पाऊलही पुढे टाकायचे नाही. फिरणारा पंखा उन्हात जवळजवळ अदृश्य असतो, आणि दमलेल्या माणसाला तो आठवतही नाही. त्यानंतर तिघे-चौघे मिळून विमान हाताने मागे ढकलून जागेवर बसवतात. पंखाच्या कोणत्या भागाला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे विमानागणिक बदलते; कापड चढवलेल्या पंखावर तळवा दाबला तर मालकाच्या तोंडचे पाणी पळते. म्हणून आधी विचारायचे. हे विचारणे म्हणजेच ओळख होणे. “कुठून आलात?” या प्रश्नाला टेक्सास, अलास्का, कॅनडा अशी उत्तरे येतात, आणि दोन-तीन दिवस उडत आलेला माणूस पाण्याची बाटली उघडण्याआधी आपल्याला विमानाची पूर्ण जन्मकथा सांगतो.

या कामाचे तोटेही सांगितले पाहिजेत. विस्कॉन्सिनचा जुलै उष्ण आणि दमट असतो, गवतावर सावली नसते, आणि पाळी चार तासांची असो वा आठ, उभे राहूनच करायची असते. पहाटे दव पडलेले असते. बूट भिजतात आणि ओल्या गवतावर विमानांचे ब्रेकही नीट धरत नाहीत, त्यामुळे सकाळी हातवारे नेहमीपेक्षा आधी करावे लागतात. कानात बोळे हवेतच. ज्यांना कसरती पाहायच्या आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावे की दुपारच्या कसरतींच्या वेळी विमानतळ वाहतुकीसाठी बंद असतो आणि त्या संपताच निघणाऱ्यांची व येणाऱ्यांची एकच झुंबड उडते. म्हणजे प्रेक्षक जेव्हा आइस्क्रीम घ्यायला उठतात, नेमके तेव्हाच स्वयंसेवकाला धावायचे असते. गर्दीतून विमान ओलांडून न्यायचे असेल तर दोरी धरून लोकांना थांबवणे हे सर्वांत कठीण काम. विमान दिसले की माणसे दूर होण्याऐवजी फोन पुढे करून जवळ येतात. मात्र या कामातून मिळणारे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळणार नाही. विमान उतरवणाऱ्या माझ्यातील वैमानिकाला जमिनीवरून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे मी नारिंगी जाकिटातच शिकले.

राहण्याच्या सोयीचे दोन ठळक प्रकार आहेत. मोटारीने येणाऱ्यांसाठी कॅम्प शोलर हे अवाढव्य मैदान आहे. तेथे घरावर चाके लावून आल्यासारखी कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यात उतरतात आणि त्यांची गल्लीबोळांसारखी शेजारधर्माची मंडळे झालेली आहेत. विमानाने येणाऱ्यांसाठी उत्तरेच्या धावपट्टीलगत नॉर्थ फोर्टी हा भाग आहे, जिथे विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून झोपता येते. दोन्ही मिळून तेरा हजारांच्या आसपास जागा आणि सुमारे ४० हजार माणसे, म्हणजे एक तालुक्याचे गाव झाले. नॉर्थ फोर्टीमध्ये गजराची गरज नसते; विमानतळ उघडला की पहिलेच इंजिन आपल्याला उठवते. मुख्य मैदानापर्यंत बस आहेत, अंघोळीची सोय आहे, पण सकाळी रांग लागते, आणि रात्री उशिरा अंघोळ उरकणारा माणूस शहाणा. विमान बांधण्यासाठी दोर आणि मेखा मात्र स्वतःच्या आणाव्यात आणि त्या बळकट असाव्यात. बाजारात मिळणाऱ्या काही हलक्या मेखा जमीन ओली झाली की मुळ्यासारख्या उपटून येतात, आणि विस्कॉन्सिनमधील वादळ रात्री दोन वाजता येताना कोणाला विचारत नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे तर २०१० सालाचा उल्लेख व्हायला हवा. त्या वर्षी मेळाव्याआधी इतका पाऊस झाला की गवताच्या पट्ट्यांमध्ये चाके रुतू लागली आणि येणारी विमाने आसपासच्या विमानतळांवर वळवावी लागली. २०१८ मध्ये खराब हवेमुळे शनिवार-रविवारी अडकलेली विमाने एकदमच येऊ लागली आणि रिपनच्या आसपास तलावांभोवती घिरट्या घालणाऱ्यांची रांग अनेकांना असह्य झाली. त्यानंतर आगमनाच्या पद्धतीत बदल झाले, रिपनच्या बरेच आधी काही ठिकाणे ठरवून दिली गेली आणि तेथूनच रांग लावायला सुरुवात झाली. माझ्या मते हा बदल चांगला आहे. पण मुळातच ही सेवा हवेच्या लहरीवर अवलंबून आहे, हे मान्य करूनच सुटीचे दिवस ठरवावेत. मागेपुढे दोन दिवस राखून न ठेवता विमानाने येणाऱ्याला मी हा प्रवास सुचवणार नाही.

मैदानावरील बाकीच्या गोष्टींपैकी कार्यशाळा मला सर्वाधिक मोलाच्या वाटतात. तेथे पत्र्याला रिव्हेट मारणे, नळ्या वेल्ड करणे आणि पंखावर कापड चढवणे या गोष्टी हातात हत्यार देऊन शिकवतात. पॉलिएस्टरचे कापड चौकटीवर चिकटवून त्यावर इस्त्री फिरवली की सैल पडलेले कापड डोळ्यांदेखत आवळत जाते आणि बोटाने टिचकी मारली तर पखवाजासारखे बोलते. शिकवणारे बहुतेक निवृत्त गृहस्थ, स्वतः एखादे विमान बांधून उडवलेले. शाळकरी मुलांना ते जितक्या गंभीरपणे उत्तरे देतात तितक्याच गंभीरपणे अभियंत्यांनाही देतात. शेजारीच होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या विमानांच्या ओळी असतात. विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांचे व्हेरीईझ हे विमान १९७५ मध्ये याच मेळाव्यात लोकांसमोर आले आणि पुढे कित्येकांनी त्याच्या नकाशांवरून आपापले विमान बांधले. अमेरिकेत अशा विमानासाठी एकच मोठी अट आहे: बहुतांश काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर, स्वतः केलेले असावे.

या ओळींमधून फिरताना आपल्याकडील माणसाला कॅप्टन अमोल यादव आठवल्याशिवाय राहत नाहीत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, आणि नोंदणी मिळायला २०१७ उजाडले. ऑशकॉशला असे काम करणाऱ्याला कागदपत्रे कशी भरायची हे सांगणारा एखादा स्वयंसेवक शेजारच्याच तंबूत सापडतो. बंगळुरूच्या येलहंका तळावर भरणारा एअरो इंडिया मी पाहिला आहे. तो लष्करी खरेदीचा आणि उद्योगांचा बाजार आहे, त्याचा हेतूच वेगळा, तेव्हा तुलना करणे योग्य नाही. पण पुण्याच्या हडपसरला ग्लायडिंग केलेले आणि बारामतीत उडायला शिकलेले तरुण मला ऑशकॉशच्या गवतात भेटतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: विमान ही हात लावण्याची वस्तू आहे, हे त्यांना येथे पहिल्यांदा कळते.

विनेबागो सरोवराच्या काठावरील सीप्लेन तळ चुकवू नये. पाण्यावर उतरणारी विमाने, झाडांची गर्द सावली आणि मुख्य मैदानाच्या कोलाहलानंतरची शांतता यासाठी बसचा प्रवास सार्थकी लागतो. ईएएचे संग्रहालय पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवावे.

खाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. ब्राटवर्स्ट, बर्गर, तळलेले चीज कर्ड्स आणि भाजलेली कणसे ही येथील चौकट. चीज कर्ड्स ताजे असतील तर फार चांगले लागतात, पण दोन दिवसांनंतर शाकाहारी माणूस कणसांकडे वैतागून पाहू लागतो. एका टपरीवर ‘व्हेज’ म्हणून मिळालेल्या पदार्थात कांदा आणि पाव याखेरीज काहीच नव्हते आणि किंमत मात्र पुण्यातल्या चांगल्या थाळीची होती. तेव्हा डबा सोबत ठेवावा: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. हे पदार्थ उन्हात टिकतात, विमानात वजन कमी धरतात आणि ओळीतील सोबत्यांशी मैत्री जुळवायला उपयोगी पडतात. माझ्या ओळीतले एक नेब्रास्काचे आजोबा आता दरवर्षी चटणीची चौकशी करतात.

या मेळाव्यावरील माझा मुख्य आक्षेप मात्र जेवणाचा नाही. मूळ हौशी बांधकाम करणाऱ्यांचा हा मेळावा मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित मंडपांनी आणि जेट विमानांच्या दालनांनी झाकोळला जातो, अशी तक्रार जुने सभासद बऱ्याच वर्षांपासून करतात, आणि तिच्यात तथ्य आहे. मुख्य चौकात उभे राहिल्यास हे एखादे औद्योगिक प्रदर्शन आहे असेच वाटेल. त्याच वेळी हेही खरे की या कंपन्यांच्या पैशावाचून एवढे मैदान चालणार नाही आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना अलीकडे मिळणारा विनामूल्य प्रवेशही त्यातूनच येतो. मी यावर तोडगा म्हणून एवढेच करते की मुख्य चौक टाळून दक्षिणेकडच्या जुन्या विमानांच्या ओळींत आणि होमबिल्टच्या भागात वेळ घालवते. तिथे विमानाचा मालक पंखाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला असतो आणि विकायला त्याच्याकडे काहीही नसते.

कोणी जावे? विमानांची आवड नसलेल्या कुटुंबाला आठवडाभर येथे नेऊ नये. दोन दिवस पुष्कळ झाले. शिकागोहून मोटारीने साधारण तीन तास आणि मिलवॉकीहून दीड तास लागतो, त्यामुळे एका दिवसाची सहलही जमते. वैमानिक परवाना असलेल्याने एकदा तरी फिस्कमार्गे यावे, पण त्याआधी एक वर्ष जमिनीवर स्वयंसेवा करावी, असा माझा आग्रह राहील. पुस्तिका कितीही वेळा वाचली तरी ती ओळ खालून पाहिल्याशिवाय नीट समजत नाही. परवाना नसलेल्याने आवर्जून स्वयंसेवा करावी. शनिवारच्या रात्रीच्या कार्यक्रमानंतर बरेच स्वयंसेवक घरी परततात आणि रविवारी निघणाऱ्या विमानांना वाट करून देणारे हात कमी पडतात. ज्यांना पूर्ण आठवडा काढणे शक्य नाही त्यांनी रविवारी सकाळी जाऊन काम मागावे. त्या दिवशी नकार मिळाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.